कोळशाची राख

अण्णा,

टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेचे भाग मी लिहिते, हे तुम्ही गेल्यावरचं, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. परभणीत घरी बसून लिहिते आणि मुंबईला पाठवते. या वेळच्या भागात मी एक पोलीस पाटील घातलाय आणि त्यावरून सकाळपासून फोनवर भांडण चालू आहे. तिकडच्या, माझं लिखाण तपासणाऱ्या बाई म्हणतात, "मॅडम, हा माणूस चांगला की वाईट ते एकदा ठरवा. प्रेक्षक गोंधळतो." गोंधळू दे की! मी लग्न होईस्तोवर तुमच्या घरात राहिले आणि अजून गोंधळलेलीच आहे.

शेजारच्या काकूंची सोन्याची पोत चोरीला गेली, तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. तुम्ही गावचे पोलीस पाटील, ठाण्याला कळवणं तुमचं काम. पण तुम्ही जुन्या रिवाजाची दवंडी दिलीत. दिवेलागणीला प्रत्येक घरानं झाकल्या टोपल्यातून आपल्या चुलीतली राख आणून देवळामागं ओतायची. ज्यानं पोत घेतली त्यानं ती राखेत घालून परत करावी, नाव कुणी विचारणार नाही. सकाळी सगळ्या गावासमोर तुम्ही ढीग उकरायला बसता. पोत निघते. मी तुमच्या मागंच उभी आहे, म्हणून मला दिसतं, ती निघाली तिथली राख कोळशाची आहे. सारं गाव चुलीत कापसाची पळाटी जाळतं, कोळशाची भट्टी एकाच घरी. तुम्हीही ते पाहता आणि दोन्ही हातांनी ढीग कालवून टाकता. काकू पोत पदरात बांधून कडाडतात, "पाटील, पोत घावली, पण चोर तर गावातच हाय की! त्याला तुमी झाकायलाव!" तुम्ही नुसते हात झटकता. घरी आल्यावर मी विचारलं, राख कुणाची होती. "गावाची हाय," म्हणालात, "तू भाकर वाढ."

पुढच्या साली एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या पाटल्या गेल्या. पुन्हा दवंडी, पुन्हा राख. या वेळी ढिगात काहीच निघालं नाही. चोर तोच होता का, देव जाणे. तिच्या दारावरून जायचं मात्र तुम्ही सोडलंत, आणि लांबच्या बोळातून शेताला जायला लागलात.

बाईंनी मला दोन वाटा दाखवल्यात. पाटलानं चोराकडून हिस्सा घेतला असं लिहा, नाहीतर चोर सुधारतो आणि पाटलाचे पाय धरतो असं लिहा. दोन्ही लबाड्या. बदल केला नाही तर भाग दुसऱ्याकडून लिहून घेऊ, पुढच्या कामाचंही मग बघावं लागेल, असंही ऐकवलं. बघा म्हणाले. काम गेलं तर लय वाईट वाटेल, ही मालिका मला आवडते. पण मी एक ओळ बदलणार नाही. राख कालवणारे हात राहतील आणि म्हातारीचं रिकामं मनगटही राहील.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतं. तुम्ही समोर असतात तर माझी जीभ रेटली नसती. अण्णा, तुम्ही चुकलात असं मला वाटतं. आणि तुमच्या जागी मी असते तर मीही ढीग कालवलाच असता.