मीठदाणीची जागा

दि. ९ नोव्हेंबर

ती. अक्का यांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघे कुरकुरत असले तरी लेखणी ठणठणीत आहे, हे त्यातल्या रागावरून कळलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. निदान असं लिहायची पद्धत आहे.

प्रथम एक तक्रार नोंदवतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर राज्यक्रांती झाली आहे. लग्नापासून मीठदाणी माझ्या उजव्या हाताशी असे. तिचं ते अढळपदच होतं. आता ती तुमच्या बहिणीच्या ताटाशेजारी विराजमान आहे आणि मला ‘जरा मीठ दे’ म्हणून याचना करावी लागते. कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या माणसावर ही पाळी यावी, हा काळाचा महिमा.

हे कारस्थान वाचाउपचाराच्या बाईंचं. उन्हाळ्यात हिला पक्षाघाताचा झटका आला, हातपाय सावरले, शब्द मात्र अजून जागेवर सापडत नाहीत. चमचा हवा असतो आणि तोंडात खिडकी येते, हे तुम्ही जाणताच. त्यासाठी या बाई घरी येतात. वय आपल्या लेकीएवढं, नजर हेडमास्तरांची. मी त्यांना ‘परीक्षक’ म्हणतो. त्या मला ‘काका’ म्हणून सूड घेतात.

सोमवारी त्या म्हणाल्या, “आज शब्द मोजायचे नाहीत. रोजच्या व्यवहारात बोलणं किती जमतं, ते बघायचं.” मग त्यांनी चित्रं मांडली. दुकान, शेजार, फोन, जेवणाचं टेबल. समोर एक कागदी पट्टी, एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका. हिच्या हातात शर्टाचं एक बटण दिलं. जितकं अवघड, तितकं बटण रडक्याकडे सरकवायचं.

“दुकानात बोलणं कसं जातं?”

“ही दुकानात जातच नाही,” मी म्हणालो.

“शेजारच्या काकूंशी?”

“मान डोलावते. त्यांना तेवढं पुरतं. त्या दोघींच्या वाटचं बोलतात.”

“काका, मी काकूंना विचारतेय.”

“मी फक्त भाषांतर करतोय.”

“त्या अजून काही बोलल्याच नाहीयेत.”

हिने बटण घेतलं आणि दुकानाच्या चित्रासाठी ते हसऱ्या चेहऱ्याजवळ ठेवलं. मी कॉलेजात असताना ही खाली दुकानात जाते, हे मला तेव्हा कळलं. “थांबतो,” ही दुकानदाराबद्दल म्हणाली. “तो... थांबतो.” शेजारणीचं बटणही हसऱ्याकडेच. फोनच्या चित्रासाठी हिने बटण ठेवलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी छताच्या पंख्याचा अभ्यास केला.

मग जेवणाचं टेबल. हिने बटण रडक्या चेहऱ्यापर्यंत नेलं, आणि त्याच्याही पलीकडे, पट्टी संपते तिथे लाकडावर ठेवलं.

“घसरलं वाटतं,” मी हसून म्हणालो आणि उचलून पट्टीवर ठेवलं. हिने ते पुन्हा उचललं आणि बाहेर ठेवलं, पहिल्यापेक्षा लांब.

“पण आम्ही सगळ्यात जास्त बोलतो ते टेबलावरच,” मी परीक्षकांना म्हणालो. “मी रोज सराव घेतो.”

त्यावर हिने गाउनच्या खिशातून गोळ्यांची डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत मीठ होतं.

अक्का, सराव असा असे. हिला मीठ हवं असलं की मीठदाणी मी हातात धरून ठेवायचो. नाव घेतल्याशिवाय द्यायची नाही, म्हणजे शब्द परत येतील असं मला वाटे. ही म्हणे, “ते... पांढरं.” मी म्हणे, “पांढरा तर चुनाही असतो.” मला तो विनोद वाटला होता. दोनतीनदा केला. मग हिने मीठ मागणं सोडलं, आणि पथ्य पाळते म्हणून मी हिचं कौतुक केलं. ही मात्र दुकानातून मीठ आणून, मी हात धुवायला उठलो की ताटात चिमूट टाकत होती. आपल्याच घरात, चोरून.

बाई ओरडल्या नाहीत. “घरातली परीक्षा बंद, काका,” एवढंच म्हणाल्या आणि मीठदाणी उचलून हिच्याजवळ ठेवली.

आता फोनचं. तुम्ही रागावून लिहिलं आहे की दर रविवारी ही नेमकी झोपलेलीच कशी असते. ती झोपलेली नसते. समोर हात पुढे करून बसलेली असते आणि मी तिच्याकडे पाठ करून तुम्हाला सांगतो की आत्ताच डोळा लागला. तुमच्या घरात हिच्या बोलण्यापुढे कुणाचं चालत नसे. तिला तुमच्याशी अडखळताना ऐकायची मला लाज वाटे. तिला वाटत नव्हती.

येत्या रविवारी फोन तीच घेईल. शब्द चुकले तर दुरुस्त करू नका, नुसतं थांबा. मी खाली फिरायला जाईन. ती माझ्याविषयी काय बोलली ते मला कळवू नका.

काल घरी येताना दुकानाच्या दारातून पाहिलं. हातवारे करून ही काहीतरी सांगत होती, दुकानदार वाट बघत होता, आणि दोघं हसले. मी आत गेलो नाही. मी दिसलो असतो तर ती गप्प झाली असती.

हिचं बोलणं परत येईल असं बाई म्हणतात, आणि आता मलाही तसं दिसतं. मला भीती वाटते ती वेगळीच. ते परत येईल आणि हिला माझ्याशी बोलायचं नसेल.

पत्राखाली एरवी तुम्ही ठेवलेल्या नावाने, ‘पंडित’ म्हणून, सही करतो. आज तेवढं धैर्य नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा