बुधवारची चिठ्ठी

रविवार, ४ तारीख, दुपारी

सूनबाई,

खुशाल असशील. इकडे आम्हीही ठीक आहोत, म्हणजे तुझे सासरे ठीक आहेत आणि मी त्यांच्या शेजारी आहे. तुझ्या माहेरी सगळ्यांना माझा नमस्कार सांग. घेतील तर घेतील.

फोन तू उचलत नाहीस. चार वेळा केला. पाचव्यांदा केला नाही, कारण मलाही काही अब्रू आहे. म्हणून हे पत्र. चिरंजीव दुधाची गाडी घेऊन तुमच्या गावावरून जातो, तो आणून देईल. तुझ्याशी लग्न झाल्यापासून जरा बोलायला लागला होता, आता पुन्हा गप्प. जेवताना मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवतो.

गावातलं सांगते. लोहाराची बकरी पुन्हा हरवली आणि पुन्हा त्याच्याच माळ्यावर सापडली. बेकरीवाल्यानं दुकानाला रंग दिलाय, असा की उन्हात बघवत नाही. शाळेचा नळ तुटलाय आणि तो कुणी दुरुस्त करायचा यावर दोन बैठका झाल्या, तोवर पाणी वाहतंय. हे सगळं ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून मीच सांगितलं. हो, मी पुन्हा माइकसमोर बसायला लागले. कचेरीतला कारकून स्वतः घरी आला होता. "बाई, तुमच्याशिवाय कचेरी सुनी सुनी वाटते," म्हणाला. मागचे सात महिने त्याला काही सुनं वाटलं नव्हतं, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

बावीस वर्षं रोज सकाळी सातला या गावाला मीच सांगत आले, पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कोण गेलं, कुणाचं काय हरवलं. तेव्हा मी परत बसले यात नवल काही नाही.

झालं ते झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी मंगळवारी येऊन गेली आणि गाव कर्ण्यावर तुझं ऐकून बुधवारी जमलं. एकतीस माणसं शाळेसमोर उन्हात उभी राहिली. शिंपीणकाकू तर सहापासून. गाडी चार महिन्यांनी एकदा येते आणि या वेळी तिला ऑपरेशनची तारीख मिळणार होती, म्हणून ती तुला नको नको ते बोलली. मनावर घेऊ नकोस. सुईत दोरा ओवायला जिला शेजारणीला हाक मारावी लागते, तिची जीभ कडू होणारच.

माणूस आहे, कुठंतरी चूक होते. लोक विसरतील. तू घरी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. कर्ण्याचं काम मी बघते, तुला त्याचा त्रास नको.

तुझी,
सासूबाई


शुक्रवार, ९ तारीख

सूनबाई,

तुझी ओळ मिळाली. ओळच म्हणायची. "आई, चिठ्ठीत बुधवारच लिहिलं होतं. मी तेच वाचलं." बस्स. चार शब्द जास्त लिहिले असतेस तर शाई संपली नसती.

आधी बातमी. काल मी शिंपीणकाकूला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. दोन बस बदलल्या. ती सगळ्या वाटेत माझा दंड धरून बसली होती आणि माझ्या साडीच्या काठाची शिवण चाचपून सांगत होती की ही दुसऱ्या कुणी घातली आहे, हिला टाके घालता येत नाहीत. डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा ऑपरेशननं चांगला होईल, पुढच्या महिन्याची तारीख दिली. डाव्याला उशीर झालाय. मी विचारलं, हा उशीर या आठ दिवसांचा का? ते म्हणाले, नाही, दोन-तीन वर्षांचा आहे.

ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की दवाखान्याच्या बाकावरच बसले. नंतर त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. ती का वाटली, ते लिहायला बसले आहे आणि बकरीकडे नाहीतर नळाकडे वळावंसं वाटतंय.

चिठ्ठी मी लिहिली होती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या शनिवारी दुपारी तू घरी कपडे वाळत घालत होतीस. मी कचेरीत होते. कशाला होते म्हणशील तर टेबल पुसायला. सात महिने मी ते टेबल पुसत होते, जसं काही माझ्याशिवाय धूळ कुणाला दिसतच नाही. फोन वाजला, मी घेतला, दवाखान्याच्या माणसानं गाडीचा वार सांगितला, मी चिठ्ठीवर लिहिला आणि तुझ्या टेबलावर ठेवला. हात चुकला असेल. वय झालं.

आणि आता जे खरं आहे ते लिहितेच, कारण हे तुला कुणी सांगणार नाही. माझ्या घशाला गाठ आली, डॉक्टरांनी तीन आठवडे बोलू नका म्हणून सांगितलं, तेव्हा कारकून शाळेतल्या बाईंना विचारणार होता. मीच म्हटलं, माझी सून बसेल. सगळ्यांना वाटलं, काय सासू आहे! तुलाही वाटलं असेल. तुझ्या आईनं तर फोन करून माझं कौतुक केलं. मी तुला बसवलं ते तू अडखळशील म्हणून. तू चार माणसांत बोलायला लाजायचीस, पाहुणे आले की आत पळायचीस. मला वाटलं, तीन आठवडे गाव तुझं तत-पप ऐकेल आणि मग माझी किंमत कळेल.

पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "नमस्कार मंडळी, उठलात का सगळे?" आणि समोरच्या दुकानातून बेकरीवाला ओरडला, "उठलो, उठलो!" बावीस वर्षांत मला कुणी उलटून उत्तर दिलं नव्हतं. माझं ऐकून लोक घड्याळ लावायचे. तुझं ऐकून हसायला लागले. म्हातारा पोस्टमन गेला त्याची बातमी तू सांगितलीस तर बायका गॅसवरचं तसंच सोडून रडत बाहेर आल्या. मी कुणी गेल्याचं सांगितलं की एकच प्रश्न असायचा, किती वाजता नेणार?

तीन आठवड्यांचे सात महिने झाले. घसा माझा कधीच बरा झाला होता, कुणी विचारलं नाही. बाजारात बायका थांबवून सांगायच्या, "तुमची सून बोलते ना, घरातलंच कुणी सांगतंय असं वाटतं." मी हसायचे. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण माझ्याच घरात राहायला आली होती आणि वर मी तिला वाढत होते.

आज एवढं पुरे. घसा दुखतोय, लिहिताना घसा का दुखावा कळत नाही.

सासूबाई


बुधवार, १४ तारीख

पोरी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत माझा हात चुकला होता.

हात चुकला नव्हता.

त्या शनिवारी सकाळी काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तू कचेरीत होतीस. सात वाजायला पाच मिनिटं होती. तुझे सासरे चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची उचलली आणि अंगणात नेली. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, "इथून नीट ऐकू येत नाही. अंगणातून पोरीचा शब्द न् शब्द कळतो." एवढं बोलून बसले, कर्ण्याकडे तोंड करून. बावीस वर्षं मी बोलत होते, सूनबाई. या माणसानं एकदाही तोंडातला घास थांबवला नाही. मी घरी येऊन विचारायचे, आज कसं झालं? तर म्हणायचे, "कशाचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. तुझा आला. का, ते मला विचारू नकोस. त्यांचा राग येऊन उपयोग काय, त्यांना तो कळलाही नसता.

दुपारी फोन आला. तो माणूस स्पष्ट म्हणाला, मंगळवार. मी म्हटलं, मंगळवार. आणि लिहिलं बुधवार. लिहिताना मला चांगलं कळत होतं की मी काय करते आहे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं आहे, बघ, चिठ्ठी सोबत जोडली आहे. ती तू शोधत होतीस ना, खण उपसून, रडत? ती माझ्या पदराला बांधलेली होती. बुधवारी शाळेसमोर आरडाओरडा सुरू झाला तेव्हा मी आधी कचेरीत गेले आणि ती उचलली.

मला काय वाटलं होतं ते सांगते, ते काही चांगलं नाही. वाटलं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी टोकेल, तुला चूक सुधारावी लागेल, कर्ण्यावरून माफी मागावी लागेल, लोक जरा हसतील. एवढंच. एकदा तुझा आवाज सगळ्यांसमोर खाली जाताना ऐकायचा होता. पण कुणी टोकलं नाही. तू सांगितलंस म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. सोमवारी दवाखान्यातून पुन्हा फोन आला, उद्या येतोय, गावाला कळवलंय ना? तोही मीच घेतला. तेव्हाही वेळ होती. मी म्हटलं, "हो, सगळ्यांना सांगितलंय." ती चूक होती म्हणायला मला कुठं तोंड आहे?

मंगळवारी दुपारी, गाव शेतात असताना, गाडी थोडा वेळ शाळेसमोर उभी होती. मी खिडकीतून बघितली. तू आत भांडी घासत होतीस आणि गुणगुणत होतीस. मी खिडकीचं दार ओढून घेतलं.

आणि बुधवारी सगळ्या गावासमोर तू मला विचारलंस, "आई, तुम्ही बुधवारच लिहिलं होतं ना?" मी म्हटलं, "मी मंगळवार लिहिलं होतं. जमत नव्हतं तर काम घ्यायचं कशाला?" तू माझ्याकडे बघितलंस. तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? तरी तू कुणाला काही बोलली नाहीस. नवऱ्यालाही नाही. नाहीतर तो माझ्या हातचं जेवला नसता. तू ओरडली असतीस, माझ्या झिंज्या धरून लाज काढली असतीस, तर मला बरं झालं असतं. तुझ्या या चांगुलपणाचाही मला राग येतो. खोटं कशाला लिहू?

आता कर्ण्यासमोर माझी खुर्ची आहे, माझा माइक आहे. सकाळी मी बोलते आणि बेकरीवाला दार लावून घेतो. तुझे सासरे चहा पितात. मला जे हवं होतं ते मिळालं आहे. काल शिंपीणकाकू कचेरीच्या पायरीवर येऊन म्हणाली, "ती पोर कधी येणार? मी फार वाईट बोलले तिला. डोळे बरे झाले की पहिला ब्लाऊज तिचा शिवीन." तू तिला निदान फोन कर. तिचा तरी उचल.

मी हे गावाला सांगायचं ठरवलं होतं. सोमवारी माइक सुरू केला, घसा खाकरला आणि पाण्याची वेळ सांगून उठले. मंगळवारी पुन्हा तेच. भ्याले, हे तर आहेच. पण दुसरंही एक आहे. मी माझ्या तोंडानं सांगितलं तर लोक काय म्हणतील, ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणतील, बघा, सासू असावी तर अशी, सुनेचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि मला ते आवडेल. मी नको नको म्हणेन आणि रात्रभर आठवून खुश होईन. मी स्वतःला ओळखते.

म्हणून हे तू वाच. कारकुनाशी बोलले आहे. येत्या सोमवारी सातला खुर्ची तुझी आहे, आणि त्यापुढेही तुझीच. त्याला कारण सांगितलेलं नाही, तोही गावाबरोबर ऐकेल. चिरंजीवाच्या हाती पत्र देताना पाकीट चिकटवलं नाही. वाटेत गाडी थांबवून वाचायचं असेल तर वाचू दे. त्यानं आईला काय म्हणायचं ते तो ठरवेल.

परत घरी राहायला यायचं की नाही, ते तुझं तू बघ. ते मी मागत नाही. एवढं एक काम मात्र कर. सोमवारी ये आणि ही तिन्ही पत्रं माइकसमोर वाच. चिठ्ठी कारकुनाच्या हातात दे, त्याला माझं अक्षर ओळखता येतं. तुझं कौतुक आहे तिथं लाजून गाळू नकोस. माझी निंदा आहे तिथं दया करून गाळू नकोस. खुर्चीची गोष्टही वाच, तुझ्या सासऱ्यांना कळू दे. वाक्याच्या शेवटी तू घाई करतेस आणि अर्धा शब्द गिळतेस, ती खोड तुझी अजून गेलेली नाही. सावकाश वाच. आणि खालची सही सोडू नकोस, तीही वाच.

मंगळवार ऐकून बुधवार लिहिणारी,
तुझी सासू