गोठ्यातली तेलुगू

आई, घरातलं हे नाव आधी लिहिते, कारण घरात तुला हेच म्हणायचं असा दंडक होता. गोठ्यात तू अम्मा होतीस. दोन्ही नावांच्या मधे हट्टा गावच्या आपल्या घराचं एवढंसं परसू होतं, आणि ते ओलांडताना मी सोवळं-ओवळं बदलावं तशी जीभ बदलत असे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्या दुपटीहून म्हातारी आहे. तू समोर आलीस तर माझ्या नातीसारखी दिसशील, आणि मी तुला अगं-तुगं करू की अहो म्हणू, हाच घोळ व्हायचा. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला तुझ्या भाषेत लिहिता येत नाही. तरी बसले आहे लिहायला. म्हातारपणी माणूस रिकामपणाची कामं जास्त मन लावून करतं.

तुझं माहेर निर्मळच्याही पलीकडचं. आडनाव मराठी, कुलदैवत माहूरची रेणुका, पण कित्येक पिढ्या तेलंगणात काढल्यामुळे तुमच्या घरात पाळण्यापासून तेलुगूच. लग्न ठरवताना आडनाव पाहिलं, गोत्र पाहिलं, पत्रिका पाहिली. मुलगी बोलते काय हे कुणी विचारलंच नाही. बाबा वसमतला निजामाच्या तहसिलीत लिहिण्याच्या कामावर होते, आठवडाभर तिकडेच राहत. घर चालवायची आत्या. बाबांची मोठी बहीण, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. कोठीच्या किल्ल्या आणि आम्हा पोरांचे कान, दोन्ही तिच्या हातात असायचे. बाबा घरी आले की उर्दूत कागद वाचायचे, शिपायाशी उर्दूत बोलायचे, आणि आत्या ते कौतुकाने ऐकायची. त्यातलं तिला अक्षरही समजत नसे. पण त्या भाषेला पगार होता. तुझ्या भाषेला काही नव्हतं, म्हणून ती कलकल ठरली. याचा मला अजून राग येतो, हे लिहून टाकते.

माझ्या बारशाला तुझ्या वडिलांनी म्हैस धाडली, ही गोष्ट मी तुझ्याकडूनच इतक्यांदा ऐकली आहे की मी ती पाहिलीच असं वाटतं. एक गडी तिला रेडकासकट गोदावरी पार करून पायी पायी घेऊन आला. तो तिला 'बर्रे, बर्रे' म्हणून हाकारत होता, तेव्हा तिचं नाव बर्रे असं आपल्या घराने ठरवून टाकलं. तेलुगूत बर्रे म्हणजे म्हैसच, हे तू कुणाला सांगितलं नाहीस. गडी जेवून परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चरवी घेऊन बसली. 'ये गं माय, दे गं माय' करून तिने म्हशीला गोंजारलं, सरकी-पेंड पुढे ठेवली, रेडकू लावून पाहिलं. म्हशीने पान्हा चोरला तो चोरलाच, आणि वर चरवी लाथाडली. 'काहून गं, माझ्या हाताला काय काटे हायेत?' असं आत्या म्हशीला विचारत होती म्हणे. तेव्हा तू पदर खोचून गेलीस, तिच्या पोटाला डोकं टेकलंस आणि हळूच म्हणालीस, 'रा तल्ली, रा.' ये बाई, ये. चरवी भरली. आत्या नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून धार काढायचं काम तुझं झालं.

तुझ्या बोलण्यावर बंदी आली ती माझ्यामुळे. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, गावातल्या साऱ्या जणी ओसरीवर बसल्या होत्या, कैरीची डाळ वाटली जात होती. मी चार-पाच वर्षांची असेन. तहान लागली म्हणून मी सगळ्यांसमोर तुझ्याकडे 'अम्मा, नीळ्ळू' असं मोठ्याने मागितलं. बाया खो खो हसल्या. एक म्हणाली, 'हे लेकरू कुण्या मुलखाचं?' आत्या हसली नाही. बाया गेल्यावर तिने तुला समोर उभं केलं. 'लेकरू ना इकडचं ना तिकडचं होऊन राहिलंय. उद्या हिला कोण करून घेईल? आजपासून घरात ती तेलंगी बंद. म्हशीला दुसरं समजत न्हाई, तिच्याशी काय बोलायचं ते बोल.' तू 'व्हय वन्सं' म्हणालीस. एवढंच. मग रिकाम्या वाट्या उचलल्यास, आणि मला कुणी रागावलं नाही म्हणून मी आणखीच रडले.

पण आत्याने एक दार उघडं ठेवलं होतं, आणि तू त्यातून अख्खी भाषा आत आणलीस. रोज सकाळ-संध्याकाळ मी तुझ्यामागे गोठ्यात. तू बोलायचीस म्हशीशी, पण बघायचीस माझ्याकडे. गड्डी म्हणजे गवत, पालू म्हणजे दूध, जरुगु म्हणजे सरक, तागु म्हणजे पी, चालू म्हणजे पुरे. 'तलुपू तिय्यी' म्हणजे दार उघड; हातात चरवी असली की ते मला सांगायचीस. म्हशीच्या मिषाने तू मला माहेरची विहीर सांगितलीस, तुझ्या आईची चिंचेची आमटी सांगितलीस, आत्याच्या तक्रारीही सांगितल्यास, आणि म्हैस कान हलवून सगळं ऐकून घ्यायची. घरात तुझी मराठी कशी होती ते मला आठवतं. सगळी वाक्यं तोकडी, जपून उचललेली. 'दूध तापली, वन्सं.' गोठ्यात मात्र तू थट्टा करायचीस, नकला करायचीस, गुणगुणायचीस. मला कितीतरी दिवस वाटायचं, माझ्या दोन आया आहेत आणि मला गोठ्यातली जास्त आवडते. गोठ्यात जायचं ते परसातून वळसा घालून, पण स्वयंपाकघराची मागची भिंत गोठ्याला लागूनच होती. त्या भिंतीपलीकडे आत्या असायची, हे आपल्या दोघींच्याही कधी ध्यानात आलं नाही.

मग तुला मुदतीचा ताप आला. कापसाची वेचणी चालू होती, बाबा वसमतला. ताप डोक्यात गेला, आणि तू कुणाला ओळखेनाशी झालीस. वैद्यबुवा म्हणाले, 'पोटात पाणी जायला पायजे, पेज जायला पायजे. न्हाई तर माझ्या हातात काही न्हाई.' पेज पुढे आली की तुझे ओठ मात्र दातखिळी बसल्यासारखे मिटायचे. आत्या चमच्याने पेज लावी आणि ती हनुवटीवरून उशीवर ओघळे. ती सकाळ मी अजून बघते आहे. गोठ्यात म्हैस रेकते आहे, धारेची वेळ टळली आहे. तू खाटेवर डोळे उघडे ठेवून तेलुगूत बडबडते आहेस, आणि आत्या माझा दंड धरून मला खाटेजवळ ओढते आहे.

'काय बोलून राहिली ती? तुला समजतं न्हवं? सांग की!'

बंदी मोडल्याची शिक्षा मिळणार असं वाटून मी दंड सोडवायला बघत होते. आत्याने दंड सोडला. माझ्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, 'सांग गं माय. मी न्हाई रागवत.'

'दार उघडा म्हणतीय.'

'कोनचं दार?'

'ते न्हाई सांगितलं.'

आत्या उठली. पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, कोठीचं उघडलं, गोठ्याच्या दाराची कडी काढली. देवघराचंसुद्धा. तापाच्या माणसाला वारं लागू नये म्हणून जी खिडकी स्वतःच्या हाताने बंद केली होती, तीही उघडली. तरी तुझं चालूच, तलुपू तिय्यी, तलुपू तिय्यी. मग आत्या तुझ्या उशाशी बसली, पेजेची वाटी उचलली, आणि तुझ्या गळ्याखाली बोटांनी खाजवत, अगदी तू म्हशीला खाजवायचीस तसंच, म्हणाली, 'रा तल्ली, रा. तागु. बंगारू तल्ली, तागु.' ये बाई, पी. सोन्यासारखी बाई माझी, पी. तुझा सूर होता. मधे जीभ टाळ्याला लावून तू जो चक् असा आवाज करायचीस, तोसुद्धा होता. मला हसू फुटणार होतं, पण आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तू ओठ उघडलेस. पहिला चमचा गेला, दुसरा गेला. वाटीभर पेज गेली तेव्हा तूच पुटपुटलीस, 'चालू.' पुरे. अर्थ विचारायला आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो शब्दही तिला येत होता.

तू बरी झाल्यावर ही हकिकत मी तुला गोठ्यात सांगितली. तू म्हशीच्या पोटाला डोकं टेकून हसलीस, इतकी हसलीस की धार चरवीबाहेर गेली. 'म्हणजे वन्संनी मला म्हैसच केली की गं!' मग हसता हसता तुझा आवाज बदलला, आणि तू बराच वेळ डोकं वर केलं नाहीस. आत्याने आपला हुकूम कधी मागे घेतला नाही. पाळायला लावणं तेवढं सोडून दिलं. एक दिवस भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणाली, 'काय म्हणता गं तुमच्यात मिठाला?' तू घाबरत म्हणालीस, 'उप्पू.' 'उप्पू. बराय. तोंडात मावतंय.' मग रोज एखादा शब्द. आत्या ते असे ठसक्यात वापरायची की जसे काही तिच्याच माहेरचे होते, आणि चुकले तरी सुधारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. माझ्या मते घरातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती. आता मागे बघते तेव्हा त्यांना वर्षं म्हणावं इतकी ती लांब नव्हती.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या त्या धामधुमीत गावं रिकामी व्हायला लागली, आणि आपणही गाठोडी बांधून वऱ्हाडात, वाशीमला गेलो. म्हैस नेता येण्यासारखी नव्हती. थकली होती ती, दूधही उतरलं होतं. गाव न सोडणाऱ्या शेजारच्या काकूंच्या हवाली करताना तू त्यांना चार शब्द पाठ करायला लावलेस. त्या वेशीपर्यंत पोचवायला आल्या, आणि तुम्ही दोघी वाटभर 'रा तल्ली' घोकत होतात. आसपासची गावंच्या गावं उलथीपालथी झाली होती, आणि तुला काळजी होती ती म्हशीशी कोण बोलेल याची.

वाशीमच्या त्या भाड्याच्या खोलीत तुझा ताप परत आला. या वेळी तू काही मागितलं नाहीस, मराठीतही नाही आणि तेलुगूतही नाही. मी तुझ्या कानाशी सगळे शब्द म्हणून पाहिले. मला येत होते तेवढे सगळे, गवत आणि दूधसुद्धा. आत्यानेही म्हणून पाहिलं. मग ती उठली. खोलीला एकच दार होतं. ते तिने सताड उघडलं आणि उंबऱ्याशी बसून राहिली. 'जायाचं आसंल तर जाऊ दे तिला, आन् परतायचं आसंल तर परतू दे. दार उघडंच हाये.' तू दुपारी गेलीस. मी आत्याला 'अम्मा गेली' म्हणाले. तिनेही अम्माच म्हटलं.

सगळं शांत झाल्यावर आम्ही हट्ट्याला परतलो. तेव्हा मी गाडीतून उतरून आधी शेजारी धावले. फाटकाशी पोचले आणि पाय तिथेच थांबले. गोठ्यातून काकूंचा आवाज येत होता, जाड मराठी आवाज, आणि शब्द तुझे. 'रा तल्ली, रा.' म्हैस जिवंत होती. मी आत गेले नाही. फाटकाला धरून ऐकत राहिले, आणि वाशीमला जे रडले नव्हते ते सगळं तिथे रडले.

आता मी नांदेडला मुलीकडे असते. इथे तेलुगू बोलणारी माणसं पुष्कळ. खालच्या मजल्यावरच्या सूनबाई तुझ्याच मुलखातल्या. जिन्यात भेटल्या की भरभर काहीतरी विचारतात आणि मी नुसती हसते. माझी तेलुगू अजून गोठ्याबाहेर आलेली नाही. ये, पी, सरक, पुरे, दार उघड. एवढ्यावर माणसांशी कसं बोलायचं? एकदा त्यांचं तान्हं दूध घेईना, तेव्हा मात्र मी त्याला मांडीवर घेतलं आणि जे येत होतं ते म्हटलं. त्या थक्क झाल्या. 'आजी, तुम्हाला येतं?' विचारायला लागल्या. 'थोडंसं,' मी म्हणाले. 'आमच्याकडे म्हैस होती.' मुलगी नंतर कितीतरी वेळ हसत होती.

हे कागद मी घडी करून उशाखाली ठेवीन, कुठे धाडायचे ते कुणाला ठाऊक आहे? तुला एक सांगायचं राहिलं. मी रात्री खोलीचं दार लावू देत नाही. जावई तक्रार करतात, मांजर येतं, डास येतात, मुलगी लावायला गेली तर मी ओरडते. कोंडल्यासारखं होतं, वारं हवं असतं, असं त्यांना सांगते. वाऱ्यासाठी नाही गं, अम्मा.