हार्डबोर्डच्या आतल्या बाजूला

सोमवार, ४ मार्च

माफी मागणार नाही. नाही म्हणजे नाही!

दुकान उघडून अर्धा तास झाला नसेल, हेडमास्तर आले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी वारल्या, तेव्हा त्यांचा फोटो आमच्याकडेच फ्रेम करून नेला होता. परवा दोरी तुटून फ्रेम पडली आणि काच फुटली. काचेचे तुकडे काढायला त्यांनी मागची बाजू उघडली, तर हार्डबोर्डवर, आतून, माझं अक्षर!

त्यांनी तो बोर्ड काउंटरवर ठेवला. दादाने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. माझा हा मोठा भाऊ कविता वाचतो तीसुद्धा औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशी.

फोटोवाला म्हणाला हसा, म्हणून हसली.
उजवी मूठ मात्र उघडली नाही.
मुठीत तिकीट आहे सव्वाचारच्या गाडीचं.
एवढा फोटो झाला की निघालीच.

"हे कोणी लिहिलं?" दादाने विचारलं. दुकानात आम्ही दोघंच. तो स्वतः किराणाची यादीसुद्धा वहिनीकडून लिहून घेतो. उरलं कोण? मी म्हणाले, मी.

हेडमास्तर ओरडले नाहीत. एकच विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणाले, कोणी नाही, फोटो बघून लिहिलं. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत लेखी माफी पाहिजे. आणि हे कोणाकडून ऐकलंत तेही त्यात लिहा." बोर्ड काखेत मारून निघून गेले. फ्रेम आणि फोटो नव्या काचेसाठी इथेच ठेवून गेले.

दादाचा नुसता तिळपापड. दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. खिळे मात्र असे ठोकत होता की समोरच्या शिंप्याने येऊन विचारलं, सगळं ठीक ना?

मंगळवार, ५ मार्च

आज बोलला. "असं किती फ्रेममध्ये लिहिलंस?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. अकरा वर्षं."

तो स्टुलावर बसला. मला हसू येत होतं, ते मी गिळलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, भले तोंड वाकडं करून का होईना.

इथे लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की ही चोरून काहीतरी वाह्यात करत होती. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट, चिकटवला की तो वाळायला दहा मिनिटं लागतात. दादा त्या वेळात बाहेर जाऊन चहा पितो. मी फोटो समोर ठेवते आणि बघते. गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही. फोटो उलटा करून मागचं नाव, तारीख वाचायची नाही. डोळ्यांना दिसतं त्यावरून चार ओळी, फार तर आठ. कधी गोष्ट, कधी कविता, मला तरी त्यातला फरक कळत नाही. पेन्सिलनेच, कारण शाई फोटोला लागते. मग काच पुसायची, सगळं एकावर एक ठेवायचं, खिळे मारायचे, मागे कागद चिकटवायचा. झालं. भिंतीवर लोकांना फोटो दिसतो. त्याच्या पाठीशी माझ्या ओळी. कोणाचं काय बिघडलं?

"लोक आपल्याकडे विश्वासाने माणसं देतात," दादा म्हणाला.

"मग मी काय करते? तू त्यांना खिळे मारतोस. मी त्यांच्याकडे बघते तरी!"

हे जरा जास्तच झालं. पण खोटं नव्हतं.

बुधवार, ६ मार्च

दादाने टेबलावरच्या पेन्सिली उचलून गल्ल्यात कुलूपबंद केल्या. वय वर्षं बावन्न, माणसाचं! आता फ्रेमची पाठ बसवायचं काम तो करणार. मी फक्त काचा कापायच्या आणि पुसायच्या. "आणि शनिवारी माफी लिहिली नाहीस, तर सोमवारपासून येऊ नकोस."

सव्वीस वर्षं बसतेय मी त्या टेबलाशी. बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. टेबलाच्या कडेला माझ्या कोपराने खड्डा पडलाय. येऊ नकोस म्हणे!

घाबरले. इथे कबूल करायला काय जातं? दुसरं कोणतं काम येतं मला? दुसऱ्या कोणत्या कामात दिवसाला पाच-सहा अनोळखी चेहरे समोर येऊन दहा-दहा मिनिटं गप्प बसतात?

दुपारी एका जाड मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो आला. त्याची काच पुसता पुसता माउंटच्या आतल्या कडेला लिहिलं. काच कापताना खुणा करायची पेन्सिल माझ्या केसांत खोचलेली असते, ती दादाच्या लक्षातच आली नाही.

मिशी वडिलांची, कोट मित्राचा.
स्वतःचे फक्त कान आणले होते,
तेही फोटोवाल्याने सरळ करायला लावले.

दादाने स्वतःच्या हाताने त्यावर पाठ बसवली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

गुरुवार, ७ मार्च

वहिनी दुकानात आली, डबा द्यायचं निमित्त करून. दादा बाहेर गेल्याबरोबर म्हणाली, "आमच्या लग्नाचा फोटो तूच फ्रेम केला होतास ना? हॉलमधला. त्याच्यामागे काय आहे?"

मी म्हणाले, आठ वर्षं झाली त्याला, आठवत नाही. खरं म्हणजे चांगलं आठवत होतं.

"मग मीच बघते," म्हणाली आणि पिशवीतून फ्रेम काढली. सोबत स्क्रूड्रायव्हर पण! ही बाई मुळीच डबा द्यायला आली नव्हती. तिने मागचा कागद टराटरा फाडला, खिळे उचकटले आणि वाचलं.

नवरा कॅमेऱ्याकडे बघतोय.
नवरी त्याच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीकडे.
सगळ्यांसमोर वाकावं की नाही, या विचारात आहे.
पुढची तीस वर्षं वाकेल,
आणि तो म्हणेल, नाडी सुटली होती कुठे?

वहिनीने बोर्ड उचलून पुन्हा वाचला. मला वाटलं, संपलं, आता घरीही जागा नाही. मग ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि परत हसली. "सुटलीच होती गं नाडी. मी खरंच तेच बघत होते." मग जरा वेळाने, "तुला हे माहीत होतं तर मला आधी सांगायचंस की."

जाताना म्हणाली, "माफीबिफी लिहू नकोस. त्याला मी बघते." पण ती त्याला बघेल असं काही नाही, ते आम्हा दोघींनाही माहीत आहे. तरी बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी हेडमास्तरांची काच कापली. बसवायला म्हणून फोटो समोर घेतला.

फोटोत हात नाहीत.

फक्त चेहरा आणि खांदे. ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला फोटो. मूठ कुठून येणार? मी कोणाची मूठ बघितली होती?

दुपारपर्यंत डोकं चालवलं तेव्हा आठवलं. त्या दिवशी टेबलावर एकाच मापाचे दोन फोटो होते, एक हा आणि एक बेकरीवालीच्या मावशीचा. ती मावशी खुर्चीला टेकून उभी, उजवी मूठ घट्ट. मी दोन्ही बोर्डांवर लिहिलं, उपडे ठेवले, काचा पुसल्या आणि उचलताना बोर्ड बदलले. असं आमच्याच धंद्यात होऊ शकतं. मागून सगळे बोर्ड सारखे!

म्हणजे पाच दिवस मी छाती काढून सांगतेय की फोटो बघून लिहिलं. बघितला, पण दुसऱ्याच बाईचा. जीभ चावली. दिवसभर काही लिहिलं नाही.

शनिवार, ९ मार्च

दादाला सांगितलं. त्याचा चेहरा असा खुलला! "मग सुटलोच की! जा, सांग त्यांना की चुकून बदललं, त्यांच्या बायकोचा काही संबंध नाही. विषय संपला." त्याच्या दृष्टीने संपला. मला मात्र ही सुटका अजिबात आवडली नाही. पण खोट्यावर मिरवायचं नाही. म्हणून फ्रेम घेऊन हेडमास्तरांच्या घरी गेले.

दोनच खोल्या. सगळं जागच्या जागी. माझा बोर्ड टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवलेला, समोर खुर्ची. म्हणजे रोज वाचत होते.

मी बसलेही नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. "सर, या ओळी तुमच्या पत्नीवरच्या नाहीत. माझ्याकडून बोर्ड बदलला. चूक माझ्या हाताची आहे, ती कबूल. लिहिण्याची माफी मात्र मी मागणार नाही."

त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बसा."

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एके दिवशी सर शाळेतून आले तर घराला कुलूप आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. चार दिवस त्या नव्हत्या. पाचव्या दिवशी आले तर दार उघडं आणि आत चहा ठेवलेला. "मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. उद्या विचारू, उद्या विचारू असं करत अडतीस वर्षं गेली. तुमच्या ओळी वाचल्या आणि वाटलं, हिने कोणाला तरी सांगितलं होतं. सगळ्यांना माहीत आहे, एक मी सोडून."

"कोणालाच माहीत नाही, सर."

"हो. आता कोणालाच नाही," म्हणाले. मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं, लपवलं नाही.

बोर्ड परत मागितला, तर म्हणाले, "राहू दे इथेच. बाई दुसरी असेल. पण सव्वाचारची गाडी तेव्हाही होती."

माफीच्या पत्राचं विचारलं, तर हात झटकले. "कसलं पत्र? तुम्ही हिच्याबद्दल लिहिलंच नाहीत." मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, अगदी हळू. "मग हिच्याबद्दल काय लिहिलं होतंत?"

आठवेना. शपथ घेऊन सांगते, एक शब्द आठवेना. मी म्हणाले, "बेकरीत आहे तो बोर्ड. सोमवारी आणून देते."

"जसा असेल तसा आणा," ते म्हणाले.

रविवार, १० मार्च

बेकरी बंद. दादाने माझ्या पेन्सिली परत दिल्या, त्याही टोकं करून. वर म्हणतो, "लिही बाई, पण बोर्डांवर नंबर घालत जा." हीच त्याची माफी. मीही ताणून धरलं नाही.

दिवसभर आठवून बघतेय. त्यांचा चेहरा तर अगदी स्पष्ट डोळ्यांसमोर आहे. भांग मधोमध, ओठ मिटलेले, नजर जराशी बाजूला. काहीतरी चांगलंच लिहिलं असणार. मी माणसं बघण्यात चुकत नाही. हात चुकला असेल, डोळा नाही. कदाचित त्या चार दिवसांचंच काही दिसलं असेल मला त्या नजरेत! त्या माणसाला अडतीस वर्षांनी काहीतरी उत्तर मिळेल. उद्याची घाई झाली आहे.

सोमवार, ११ मार्च

बेकरीवालीने लगेच फ्रेम काढून दिली. "ताई, खराब झालीय का?" म्हणाली. मी म्हणाले, नाही, आमचा एक बोर्ड चुकून तुमच्याकडे आलाय. तिथेच, पावांच्या ट्रेशेजारी बसून खिळे काढले.

ही कधी कुठे गेली नसेल.
हिला कुठे जायचंच नव्हतं.
सांगितलं तिथे बसली,
आणि फोटोतही बसूनच राहिली.

माझंच अक्षर. शेवटची ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले होते, तेही आता आठवलं.

पर्समध्ये खोडरबर होतं. खोडून दुसरं काहीही लिहिता आलं असतं, त्यांना कळलंही नसतं. नाही खोडलं. खाली तारीख घालून लिहिलं —

बाई, मी चुकले. तुम्ही गेला होतात. मला माफ करा.

आता असाच नेऊन देते.