वरच्या पट्टीतली राजकन्या

प्रिय ताई,

तू फोन उचललास की आई तो स्पीकरवर टाकते, म्हणून हे कागदावर. एकटी असशील तेव्हाच वाच.

माझा रेझ्युमे तुला पाठवला होता ना, भूमिकांचा? दुसरी दासी, मेंढपाळीण, पडद्यामागचा पक्षी. तू म्हणालीस, पक्षी का लिहिलास, तू दिसलीसुद्धा नसशील. खरंच नव्हते दिसले. शिडीवर उभी राहून, एका हाताने दोर धरून गायले होते. पण ऑपेरात नवख्या गायिकेला तो एक कागदच असतो. कोणी बोलवायच्या आधी तो वाचतात. म्हणून मिळेल ते गात गेले आणि एकेक ओळ वाढवत नेली. सगळ्या भूमिका वरच्या आवाजाच्या. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला पहिल्या दिवसापासून त्याच पट्टीत शिकवलं, आणि मला ती जमायचीही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या थिएटरात खालच्या आवाजात गाणारी एक गायिका आजारी पडली. तालमीपुरती तिची जागा मला दिली. भूमिका एका म्हाताऱ्या दाईची होती. पुस्तक हातात धरून कडेला उभी राहून गायले आणि ताई, पहिल्यांदाच गाताना माझे खांदे ताठले नाहीत. पियानोवाला गाणं संपल्यावरही पुढचं पान उलटायचं विसरून बसला होता. घरी येताना मी जिन्यात थांबून रडले. इतकी वर्षं मी दुसऱ्याच कुणाचे तरी बूट घालून चालत होते.

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाळ, या कागदावर जी आहे तीच तू आहेस. ती पुसलीस, तर तुला ओळखणार कोण?"

मी गुपचूप दुसरीकडे ऑडिशनला गेले. तिथल्या परीक्षकांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं आणि पुन्हा कागद पाहिला. खालच्या आवाजातलं गाणं मी निवडून नेलं होतं, ते त्यांनी मागितलंच नाही. कागदावर होतं तसलं मागितलं. मी गायले. त्यांनी कौतुकही केलं. कौतुक ऐकताना मला कुणीतरी बाहेरून कडी लावल्यासारखं झालं.

आणि मग आमच्याच थिएटरने राजकन्येची भूमिका दिली. मुख्य भूमिका, पोस्टरवर नाव. बाईंनी मला मिठी मारली. मी लगेच आईला फोन केला, कारण असं काही झालं की आईलाच सांगायचं असतं. पलीकडे ती शेजारच्या काकूंना हाका मारत सुटली, आणि त्यानंतर मी मागे कशी फिरणार?

तालमीत वरचा सूर रोज लागत होता. चुकला असता तर बरं झालं असतं; कुणीतरी मला काढलं असतं. पण तो लागायचा, सगळे माना डोलवायचे आणि मी घरी येऊन जबडा शेकत बसायचे. दिग्दर्शकाने तर पुढच्या वर्षीच्या दोन राजकन्याही माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

काल सकाळी त्याच्या खोलीत जाऊन मी नाही म्हणाले. कारण सांगितलं, तर तो हसला. त्याला वाटलं, मी घाबरलेय. दार उघडं ठेवून म्हणाला, सोमवारपर्यंत विचार कर. बाई माझा फोन घेत नाहीत. एका छोट्या ऑपेरा मंडळाला त्याच दाईच्या भूमिकेसाठी गायिका हवी आहे, शाळेच्या सभागृहात प्रयोग आहे. त्यांच्याकडे अर्ज केलाय. कागदावर एकच ओळ लिहिली, तीसुद्धा तालमीतली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आई-बाबांची इकडे यायची तिकिटं तू काढली आहेस. आईने नवे बूटही घेतलेत, घरात घालून चालायची सवय करतेय म्हणे. तिला आधी समोर बसवून सांग, मग तिकिटं रद्द कर. उलट करू नकोस. ती रडली तर रडू दे. पण तिने नुसतं एवढं म्हटलं, की "तिला म्हणावं, अजून एकदा विचार कर", तर सोमवारपर्यंत ते मला कळवू नकोस. कळलं, तर मी खरंच विचार करेन.

तुझीच,
धाकटी