बाबांच्या टोपलीचा काठ

लेशेक,

बाबांची अर्धी राहिलेली टोपली टबात भिजत घातली आहे. अंघोळीसाठी बाहेर काढलीस तर बघ! शेगडीपाशी ठेवून तू तिचे वाळुंजाचे उभे फोक वाळवलेस. आता काठासाठी वाकवले की मोडतात. टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा ना तू? वर विचारतोस, “ताई, मी किती दिवस पारोसा राहू?” उद्यापर्यंत राहा.

बीटाचं सूप गरम करून घे.

मी गेनोवेफा मावशीकडे काठ वळायला शिकायला जाते आहे. सुरुवातीचे फोक मी फार घट्ट ओढते, मग शेवटच्यांना त्यांच्याखालून शिरायला जागाच उरत नाही. बाबा गेले त्याच्या आदल्या रविवारी ते स्वतः दाखवणार होते. पुढच्या रविवारी बघू, असं मीच म्हणाले.

हान्का