फायर स्टेशन जिनिंगमध्ये गेलं

आबा, तुमचं फायर स्टेशन हलवलं. कायमचं नाही म्हणतात. जुन्या इमारतीचा स्लॅब गळत होता आणि नवीन आलेला बंब दारातून आत जातच नव्हता, वरची कमान आडवी यायची. म्हणून तो पावसाळाभर बाहेर ताडपत्रीखाली उभा. आता सगळं उकलून दुरुस्त करणार आहेत. तोवर तुमची मंडळी हायवेवरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. ज्या जिनिंगच्या कापसाच्या गंजी विझवता विझवता तुमची छाती गेली, तिथेच आता बंब राहतो. तुम्ही असता तर हसला असता, मग खोकला असता, आणि मायने आतून विचारलं असतं, "काय शे एवढं हसासारखं?"

मी इकडे तिरुनेलवेलीच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या करायच्या कामावर आहे. सुरुवात साक्रीच्या पठारावर केली, मग कच्छ, मग इकडे. एक टॉवर उभा राहिला की माझं मन उठतं. माय म्हणते, याच्या पायाला चाक आहे. मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टी काढून घरी गेलो आणि नेमकं त्याच आठवड्यात स्टेशनचं सामान हलत होतं. नाना भेटले. तुमच्या शेजारच्या सीटवर बसून शिकलेले नाना आता स्वतः रिटायरमेंटला टेकलेत. मिशा पांढऱ्या झाल्या, पण स्टेअरिंग अजून त्यांच्याकडेच. ट्रॉलीत खाटा, शिड्या, भिंतीवरचे फोटो चढवत होते. सोनगीरच्या तांबटाने घडवलेली ती पितळी घंटा मात्र त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. मांडीवर घेऊन बंबात बसले. पोरं म्हणाली, "नाना, नवरी न्यायला चालले का?" नाना म्हणाले, "गप बसा रे, तुमच्या लग्नात हिच्याएवढा आवाज पण नसेल."

जिनिंगमध्ये एक अडचण झाली. पाईप वाळवायला जागा नाही. जुन्या स्टेशनला तो उंच मनोरा होता ना, आग विझवून आलं की तुम्ही ओले पाईप त्यावर लोंबते सोडायचे, मला ते अजगरासारखे दिसायचे. पाईप ओला गुंडाळला की सडतो, आणि ऐन आगीत फुटतो, हे मला तुम्ही शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. शाळेसाठी दप्तरसुद्धा तुम्ही बाद झालेल्या पाईपच्या कापडाचंच शिवून दिलं. इतकं कडक की ते आपलं आपलं उभं राहायचं. पोरं हसायची. शाळा सुटली लवकर, त्यात दप्तराचा दोष नव्हता.

तर नाना म्हणाले, "तठे एवढ्या पवनचक्क्यास्वर चढस, मंग आठे चढाले काय व्हस तुले?" जिनिंगच्या आवारात पाण्याची उंच टाकी आहे. मी तिच्यावर चढलो, वर कप्पी बांधली, दोर ओवला. दुपारपर्यंत पाईप लोंबायला लागले. खाली माय डब्यात कळण्याची भाकरी अन् ठेचा घेऊन आलेली, डोळ्यावर काळा चष्मा, मान वर करून ओरडते, "उतर रे, तुले पाहता येत नाही मले, तरी घाबरू का?" सगळे हसले. मला तेव्हा बरं वाटलं होतं आबा. फार दिवसांनी कुठे तरी काम केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कप्पीला ग्रीस लावायला पुन्हा वर चढलो, आणि घंटा वाजली. जुन्या बाजारात गादीवाल्याच्या दुकानाला आग. पोरं बूट घालत घालत बंबावर चढली, नाना स्टेअरिंगवर. बंब फाटकातून निघाला आणि डावीकडे वळला. जुन्या स्टेशनातून बाजाराला जायचं तर डावीकडेच. नानांचं आयुष्य त्या एका वळणात गेलं, तुमचंही. पण जिनिंगच्या फाटकासमोर हायवे आहे, गाव उजवीकडे. समोरच्या कटमधून उजवीकडे वळायचं होतं. डावीकडे गेलं की दुभाजक, पुढचा कट पार उड्डाणपुलाच्या खाली. शेजारी बसलेल्या पोराला कळलं होतं. तो मला नंतर म्हणाला, "भाऊ, नानांना रस्ता सांगायचा? माझी जीभ उचलली नाही."

बंब फिरून पोहोचला तोवर दुकान खाली बसलेलं. कापूस तो कापूसच. जीव कुणाचा गेला नाही, एवढंच. लोक बोलले. "या, राख ओली करा." "नाना, सोनगीरचा किल्ला पाहून आलात का?" नाना आत शिरले आणि धुमसणारे ढीग उकरत राहिले, ज्यांनी ते काम करायचं त्या पोरांना बाजूला सारून. मी मागून मोटारसायकलवर गेलो होतो. गादीवाला ओट्यावर बसला होता, हाताला फडकं गुंडाळून. नाना त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "नाना, मी बी पहिले जुन्या दारवरच गयथू ना." दुकान पेटल्यावर फोन करायचं त्याला सुचलं नव्हतं. तो पळत जुन्या स्टेशनला गेला, तिथे हिरवी जाळी आणि सिमेंटच्या गोण्या. ठेकेदाराच्या वॉचमनने फोन लावून दिला.

त्याने माफ केलं, पण साहेबांना ते चालत नाही. चालायलाही नको, मला कळतं ते. नानांना स्टेअरिंगवरून काढलं. आता ते जुन्या जागी जाळीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, फोन घेऊन. लोक अजून तिथेच पळत येतात, म्हणून कुणीतरी बसायला हवं, ही कल्पनाही नानांचीच. मी निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो. आत घण चालले होते, बोलणं ऐकू येईना. त्यांनी कानाजवळ तोंड आणलं. ठेक्यावर ड्रायव्हर भरणार आहेत, तुझ्याकडे मोठ्या गाडीचं लायसन आहे. "तुना बापनी सीट शे. मना डोळास्देखत बस." मी म्हणालो, तिकडे हातातलं काम अर्धं आहे, बघतो. त्यांनी मान हलवली. तुम्ही हलवायचे तशीच, हो पण नाही आणि नाही पण नाही.

लहानपणी मी एकदा बंबात चढून स्टेअरिंग फिरवत होतो. तुम्ही मला खाली उतरवलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "हे हाताला लागलं की सुटत नाही." मी ते रागावणं समजलो होतो. आता इथे टॉवरच्या पायथ्याशी क्रेनची वाट बघत बसतो तेव्हा ते ऐकू येतं. वारा आहे, झोप येत नाही, थकवा जात नाही. नानांचा काल फोन आला होता, सीट अजून रिकामी आहे म्हणाले. मी पुन्हा बघतो म्हणालो.

हे पत्र कुठे टाकायचं, माहीत नाही. तुमचा पत्ता म्हटलं की मला स्टेशनच आठवतं, आणि तिथे तर हातोडे चाललेत.

नानांना मी अर्ध्या कामाचं कारण सांगितलंय. त्या सीटवर का बसत नाही, ते खरं तुम्हाला सांगतो. त्या दिवशी मी टाकीवर होतो, सगळ्यांच्या वर. फाटक, हायवे, गाव, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. बंब डावीकडे वळला, आणि आबा, मला ते बरोबरच वाटलं.